विसाव्या मिनिटाचा टॅबलेट: गेमिंगसाठी टॅब कसा निवडावा आणि कसा वापरावा

गेमिंग टॅबलेटच्या खोक्यावर छापलेले आकडे पहिल्या मिनिटाचे असतात. टॅब थंड असतो, बॅटरी भरलेली असते, अशा वेळी कुठलाही बरा प्रोसेसर धावून दाखवतो. वीस मिनिटांनी चिप तापलेली असते, स्क्रीनचा उजेड आपोआप उतरलेला असतो आणि सामन्यातली निर्णायक चकमक नेमकी तेव्हाच सुरू होते. त्या क्षणी टॅब किती फ्रेम देतो, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवतो, ते बघून निवड करायची. पुढच्या पायऱ्या या क्रमानेच वाचा, कारण बरेच जण चौथ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि चुकीचा टॅब घेऊन बसतात.

पायरी १: आधी गेम, मग टॅब

तुम्ही खरोखर खेळता ते दोन-तीन गेम कागदावर लिहा. बुद्धिबळ, लुडो, पत्ते किंवा कोडी एवढंच खेळत असाल, तर गेमिंग टॅबवर पैसे घालू नका. साधा टॅब पुरतो. नेमबाजीचे, शर्यतीचे किंवा मोठ्या मोकळ्या जगाचे गेम असतील, तर प्रत्येकाबद्दल दोन गोष्टी शोधा: गेम जास्तीत जास्त किती फ्रेम देतो, आणि तुम्ही बघताय त्या मॉडेलवर तो पर्याय उघडतो का.

दुसऱ्या प्रश्नाकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. अनेक गेमांकडे उपकरणांची स्वतःची यादी असते. स्क्रीन १४४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारी असली, तरी त्या यादीत मॉडेल नसेल तर गेम ६० वरच अडतो. पबजी मोबाइलमधले ९० आणि १२० फ्रेमचे पर्यायही ठरावीक उपकरणांवरच दिसतात. म्हणून जाहिरात बाजूला ठेवा आणि त्या मॉडेलवर गेमचं ग्राफिक्स सेटिंगचं पान दाखवणारा एखादा व्हिडिओ शोधा. त्या एका पानावरून बाकी सगळ्यापेक्षा जास्त कळतं.

रिफ्रेश रेटचं, म्हणजे या हर्ट्झचं, गणितही करून बघा. ६० फ्रेमला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १२० ला ८.३ आणि १४४ ला ६.९. म्हणजे ६० वरून १२० वर गेल्यावर ८.३ मिलिसेकंद वाचतात आणि तो फरक हाताला स्पष्ट जाणवतो. १२० वरून १४४ वर गेल्यावर वाचतात जेमतेम दीड. १२० हर्ट्झ मिळत असेल तर तिथेच थांबा आणि उरलेला खर्च चिपवर करा.

पायरी २: पुठ्ठा कापून बघा

इंचांचा आकडा डोळ्यांना कळतो, अंगठ्यांना नाही. जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, एक २१ बाय १३ सेंटिमीटरचा आणि एक २५.५ बाय १६.५ चा. पहिला साधारण ८.८ इंची टॅबएवढा, दुसरा ११ इंचीएवढा. दोन्ही आडवे धरा आणि अंगठे कुठवर पोचतात ते पेन्सिलीने काढा. नेम धरायचं, उडी मारायचं आणि गोळी झाडायचं बटण त्या रेषेच्या आत बसलं पाहिजे.

हातात धरून खेळणार असाल तर ८ ते ९ इंच आणि ३५० ग्रॅमच्या आसपासचं वजन योग्य. आयपॅड मिनी ८.३ इंची आहे, लेनोवोचा लीजन टॅब ८.८ इंची. ११ इंचांचे टॅब बहुतेक अर्धा किलोच्या आसपास भरतात. पहिल्या सामन्यात त्याचं काही वाटत नाही, तिसऱ्या सामन्यात मनगट बोलायला लागतं. ते टॅब टेबलावर स्टँडला टेकवून, चार बोटांनी खेळणाऱ्यांसाठी. १२-१३ इंचांचा टॅब हातात धरून खेळायचा विचारच करू नका.

चार्जिंगचं भोक कुठे आहे तेही आताच बघा. ते आखूड बाजूच्या मध्यावर असेल, तर टॅब आडवा धरल्यावर केबल थेट तळहातात रुतते. काही गेमिंग टॅबना लांब बाजूवर दुसरा पोर्ट दिलेला असतो आणि ती खरी सोय आहे. नसेल तर काटकोनात वळलेल्या टोकाची केबल घ्या. स्पीकरचीही तीच गत: तळहाताखाली झाकले गेले तर पावलांचा आवाज कुठून येतो ते कळणार नाही.

पायरी ३: चिप, आणि ती किती वेळ टिकते

जड त्रिमितीय गेमसाठी अलीकडच्या वर्षांतली वरच्या श्रेणीची चिप लागते: स्नॅपड्रॅगन ८ जेन २, ८ जेन ३ किंवा ८ एलिट, डायमेन्सिटी ९३००, ॲपलची ए१७ प्रो किंवा एम मालिका. हेलिओ जी९९ हलक्या-मध्यम गेमना मध्यम ग्राफिक्सवर चालते. युनिसॉक टी६०६ आणि स्नॅपड्रॅगन ६८० व्हिडिओ बघण्यासाठी ठीक, खोक्यावर ‘गेमिंग’ असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो. दोन टॅबमध्ये अडकलात तर नव्या मध्यम चिपपेक्षा एक-दोन पिढ्या जुनी वरच्या श्रेणीची चिप घ्या. मध्यम चिपमध्ये काटछाट सगळ्यात आधी ग्राफिक्सच्या भागावर होते आणि गेमला नेमका तोच भाग लागतो.

आता विसाव्या मिनिटाची गोष्ट. थ्रीडीमार्क नावाच्या ॲपमध्ये ‘वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट’ आहे. एक मिनिटाचं तेच दृश्य ती सलग २० वेळा चालवते आणि सगळ्यात चांगला गुणांक, सगळ्यात वाईट गुणांक आणि दोघांचं टक्केवारीतलं गुणोत्तर, म्हणजे स्थिरता, देते. एका टॅबचा चांगला गुणांक १४,००० आणि स्थिरता ५५ टक्के असेल, तर तो तापल्यावर ७,७०० वर येतो. दुसऱ्याचा चांगला गुणांक १०,००० आणि स्थिरता ९४ टक्के असेल, तर तो ९,४०० वर टिकून राहतो. जाहिरातीत पहिला जिंकतो, सामन्यात दुसरा. परीक्षणं वाचताना हा स्थिरतेचा एक आकडा शोधा. परीक्षकाने तो दिलाच नसेल तर ते परीक्षण गेमिंगसाठी अपुरं समजा.

असं का होतं? चिप ठरावीक तापमानाला पोचली की स्वतःचा वेग कमी करते, नाहीतर ती आणि शेजारची बॅटरी दोन्ही खराब होतील. उष्णता बाहेर टाकायला आत व्हेपर चेंबर (वाफेने उष्णता पसरवणारी चपटी धातूची डबी) किंवा ग्रॅफाइटचा थर असतो. रेडमॅजिक नोव्हासारख्या टॅबमध्ये तर आत चक्क पंखा बसवलेला आहे. पंख्याचा टॅब जास्त वेळ टिकतो, पण त्याचा आवाज होतो आणि जाळीत धूळ बसते, म्हणून मऊ ब्रशने ती अधूनमधून झाडावी लागते. मोठ्या टॅबला एक फायदा आपोआप मिळतो: पाठीचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे उष्णता पसरायला जागा जास्त.

पायरी ४: उरलेले आकडे

रॅम ८ जीबी असावी, १२ असेल तर गेममधून बाहेर पडून मेसेज बघून आलात तरी गेम पुन्हा पहिल्यापासून लोड होत नाही. ‘८ + ८ जीबी’ असं लिहिलेलं दिसलं तर दुसरा आठ विसरा. ती साठवणीतून उसनी घेतलेली जागा आहे, रॅमपेक्षा कितीतरी हळू.

साठवणुकीत प्रकार बघा, नुसते जीबी नाही. ईएमएमसी प्रकाराचा वेग सेकंदाला साधारण ३०० एमबीच्या घरात, यूएफएस २.२ चा सुमारे १,०००, यूएफएस ३.१ चा सुमारे २,१०० आणि यूएफएस ४.० चा ४,२०० पर्यंत जातो. ईएमएमसीवर नकाशाचे तुकडे उशिरा उतरतात. इमारत समोर आल्यावर तिच्या भिंती दिसायला लागतात आणि तोवर आतला माणूस तुम्हाला मारून मोकळा झालेला असतो. एकेक मोठा गेम २० जीबीच्या वर जागा खातो आणि अपडेटच्या वेळी तात्पुरती आणखी जागा मागतो, म्हणून १२८ जीबी हा तळ आणि २५६ सोयीचं. मेमरी कार्डावर भिस्त ठेवू नका. त्यावर फोटो-व्हिडिओ ठेवता येतात, पण बहुतेक मोठे गेम तिथे हलत नाहीत, आणि हलले तरी संथ चालतात.

जायरोस्कोप, म्हणजे टॅब किती वळला ते मोजणारा संवेदक, असलाच पाहिजे. टॅब हलवून नेम धरायची पद्धत त्याच्यावर चालते आणि स्वस्त टॅबमध्ये पुष्कळदा तो नसतो, फक्त ॲक्सिलरोमीटर असतो. स्क्रीन आपोआप फिरते म्हणजे जायरोस्कोप आहे असं नाही. तपशीलाच्या यादीत तो शब्द स्वतंत्रपणे लिहिलेला शोधा.

टच सॅम्पलिंग रेट म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा बोट कुठे आहे ते तपासते. रिफ्रेश रेटशी त्याची गल्लत करू नका. २४० हर्ट्झ म्हणजे दर ४.२ मिलिसेकंदाला एक तपासणी, आणि तेवढं पुरतं. त्यावरचे मोठे आकडे बऱ्याचदा एकाच बोटासाठी किंवा फक्त गेम मोडमध्ये लागू असतात. ओलेड स्क्रीनवर गडद दृश्यं सुंदर दिसतात आणि रंग चटकन बदलतो. मात्र नकाशा, बटणं अशा गोष्टी रोज तासन्तास एकाच जागी राहिल्या तर त्यांचा कायमचा पुसट डाग उमटू शकतो. रोज चार-पाच तास एकच गेम खेळणाऱ्याने चांगला एलसीडी घेतला तरी काही बिघडत नाही.

बॅटरीच्या एमएएचवरून वेळ काढायचा तर ३.८५ ने गुणा आणि १,००० ने भागा. ८,००० एमएएच म्हणजे सुमारे ३१ वॉट-तास. जड गेममध्ये टॅब ७ वॉट ओढत असेल तर साडेचार तासांच्या आत काम संपतं. ‘दिवसभर चालते’ हे वाक्य व्हिडिओसाठी असतं.

दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनवलेला टॅब स्वस्त दिसला तर त्यात गुगल प्ले आहे का, अपडेट कोणत्या आवृत्तीचे येतात आणि वॉरंटी तुमच्याकडे चालते का, हे तिन्ही आधी विचारा.

पायरी ५: परत करायची मुदत संपण्याआधी

१. सगळे अपडेट टाका, रीस्टार्ट करा आणि टॅब तासभर बाजूला ठेवा. पहिल्या तासात मागे डाउनलोड चालू असतात, त्यात घेतलेली कुठलीही मोजणी खोटी ठरते.

२. अँड्रॉइड असेल तर ‘टॅबलेटविषयी’ या पानावर बिल्ड नंबरला सात वेळा टॅप करा म्हणजे डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे बोटाचा माग दाखवणारं ‘पॉइंटर लोकेशन’ सुरू करा आणि एका बोटाने स्क्रीनच्या चारही कडांना धरून सावकाश रेघा ओढा. रेघ मध्ये तुटली किंवा थरथरली तर टचमध्ये दोष आहे. मग एकेक करत बोटं टेकवा. दहाच्या दहा मोजली गेली पाहिजेत.

३. त्याच यादीत ‘रिफ्रेश रेट दाखवा’ सुरू करून गेम उघडा. कोपऱ्यातला आकडा ६० वर पडत असेल तर आधी गेमचं सेटिंग तपासा. ते बरोबर असेल तर पायरी १ मधली यादी आडवी आली आहे.

४. कव्हर काढून, चार्जर न लावता, बॅटरी ८० टक्क्यांच्या वर असताना स्ट्रेस टेस्ट चालवा. आधीची आणि नंतरची बॅटरी लिहून ठेवा.

५. शेवटी तुमचाच गेम सलग ४० मिनिटं खेळा. टॅब गरम होणं दोष नाही. हात ठेवता येणार नाही इतका चटका, स्वतःहून बंद पडणं किंवा स्क्रीनवर पिवळट पट्टा उमटणं हे दोष आहेत. त्याच दिवशी परत करा.

पायरी ६: सेटिंग, योग्य क्रमाने

गेममध्ये आधी फ्रेम रेट सगळ्यात वर न्या, बाकी सगळं मध्यमवर ठेवा आणि २० मिनिटं खेळा. फ्रेम पडल्या तर आधी सावल्या कमी करा, मग रेंडर रेझोल्यूशन (गेम चित्र किती बारकाईने काढतो ते), मग अँटी-अलायझिंग (कडांचे दाते गुळगुळीत करणं). हे तीन सगळ्यात जास्त खातात. टेक्सचरला, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांना, हात लावायची घाई नको. त्यांचा भार मुख्यतः मेमरीवर असतो आणि ते उतरवले की चित्र एकदम कळकट होतं. एवढं करूनही ९० किंवा १२० टिकत नसेल तर ६० वर बांधून टाका. १२० वरून ७० वर हेलकावे खाणाऱ्या फ्रेमपेक्षा ठाम ६० हाताला जास्त विश्वासाचं वाटतं, कारण नेमाचा अंदाज प्रत्येक क्षणी बदलत नाही.

बटणांची जागा फोनवरून जशीच्या तशी घेऊ नका. पुठ्ठ्यावर काढलेली अंगठ्याची रेघ आठवा, बटणं खाली आणि कडेला ओढा, आकार थोडा वाढवा. संवेदनशीलताही नव्याने बसवा. सरावाच्या मैदानात जायरो बंद करा आणि अंगठ्याच्या एका पूर्ण फटक्यात पात्र १८० अंशांत वळेल इतकी ठेवा. कमी वळलं तर वाढवा, पुढे निसटलं तर उतरवा. हे जमल्यावरच जायरो सुरू करा.

मग हातवारे बंद करा. अनेक अँड्रॉइड टॅबवर तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो, आणि चार बोटांनी खेळणाऱ्याच्या बाबतीत ते भर लढाईत घडतं. आयपॅडवर चार-पाच बोटांच्या हातवाऱ्यांनी थेट दुसऱ्या ॲपमध्ये फेकले जाता. सेटिंगमधल्या मल्टिटास्किंगच्या पानावर ते बंद होतात. आयपॅडची एकाच ॲपमध्ये रोखून ठेवणारी ‘गाइडेड ॲक्सेस’ सोय वापरली तर गेममधून चुकून बाहेर पडायचा प्रश्नच राहत नाही.

पाहुणा (गेस्ट) खात्यावर खेळत असाल तर पहिल्याच दिवशी ते ईमेलशी जोडा. टॅब रीसेट झाला की पाहुणा खातं गेलं म्हणून समजा.

कंट्रोलर जोडायचा असेल तर गेम तो मानतो का ते आधी बघा. सगळेच गेम मानत नाहीत. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर वरचं जोडणीचं बटण दाबून धरा, प्लेस्टेशनच्या ड्युअलसेन्सवर क्रिएट आणि पीएस ही बटणं एकत्र, दिवा चमकेपर्यंत. स्पर्शाच्या जागी कळफलक-माउस चालवणारी रूपांतरक साधनं अनेक स्पर्धात्मक गेम फसवणूक धरतात आणि खातं बंद करतात.

पायरी ७: नेट आणि आवाज

राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जा. २.४ वर शेजारपाजारचे राउटर असतातच, शिवाय तुमचा ब्लूटूथही त्याच पट्ट्यात बोलतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, ५० च्या खाली असेल तर उत्तम, पण आकड्याच्या स्थिरतेकडे जास्त लक्ष द्या. सतत ८० राहणारा पिंग सवयीचा होतो, ३० ते २०० मध्ये उड्या मारणाऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. टॅब टेबलावरच राहत असेल तर यूएसबी-सी ॲडॉप्टरने सरळ लॅन केबल लावा.

साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. पाऊल ऐकू येईपर्यंत समोरचा दारात असतो. तारेचा हेडफोन वापरा. टॅबला गोल जॅक नसेल तर यूएसबी-सी ते ३.५ मिमी जोड घ्या, पण आत डॅक चिप (डिजिटल आवाज हेडफोनला समजेल असा करणारी) असलेला. नुसत्या तारा जोडणारा स्वस्त जोड अनेक टॅबवर आवाजच देत नाही, आणि लोकांना वाटतं हेडफोन बिघडला.

पायरी ८: चार्जिंग आणि उष्णता

खेळताना चार्ज केलं तर चिप आणि बॅटरी एकमेकींना तापवतात. बायपास चार्जिंगची सोय असेल तर वीज बॅटरीला वळसा घालून थेट टॅबला मिळते. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत ही सोय ‘पॉज यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ या नावाने गेम बूस्टरमध्ये असते. तिला पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) चार्जर लागतो आणि बॅटरी २० टक्क्यांच्या वर असावी लागते. सोय नसेल तर खेळ संपल्यावर चार्ज करा, आणि ८० टक्क्यांची मर्यादा घालता येत असेल तर घाला.

लांब खेळताना कव्हर काढा. गादी-उशीवर ठेवू नका. पाठीमागे साधा टेबल पंखा पुष्कळ काम करतो. विजेवर चालणारा पेल्टियर कूलर लावायचा तर दमट हवेत जपून, कारण पाठ खूप थंड झाली की आतबाहेर दव धरतं.

बिघाड ओळखताना

चार्जर लावल्यावर बोट भरकटतं, आपोआप टच होतात: बहुतेक वेळा दोष स्क्रीनचा नसून चार्जरचा. त्यातल्या विजेचा खरखराट टचच्या संवेदकात मिसळतो. चार्जर काढा. त्रास थांबला तर चार्जर आणि केबल बदला.

चार्जर लावूनही टक्के उतरतात: १० वॉटचा चार्जर आणि ७-८ वॉट ओढणारा गेम. गळती धरली तर हातात काहीच उरत नाही. टॅब मागतो तेवढ्या वॉटचा चार्जर आणि त्याला झेपणारी केबल लावा.

खेळता खेळता स्क्रीन काळी पडते: कव्हरमधलं किंवा चिकटवलेल्या कूलरमधलं चुंबक तपासा. टॅबला वाटतं झाकण मिटलं.

ठरावीक जागी टच लागत नाही: स्क्रीनवर चिकटवलेली संरक्षक काच उचलली गेली आहे किंवा बोट घामेजलं आहे. आधी कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, मग बोटांना चांदीच्या धाग्याच्या टोप्या घाला, मग ती संरक्षक काच बदला.

सुरुवातीला सुरळीत, पण काही महिन्यांनी लोडिंगला वेळ: साठवण भरत आली आहे. किमान १५ टक्के जागा मोकळी करा आणि एकदा रीस्टार्ट करा.

स्क्रीन किंवा पाठ कडेने वर आलेली दिसली, टॅब टेबलावर डुगडुगायला लागला: बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, टॅब बंद करा, दाबून सपाट करायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, आणि तो तसाच दुरुस्ती केंद्रात न्या.